अपूर्णांक शिकवायला घेताय? आधी कागदाच्या पट्ट्या कापा

सहावीच्या वर्गात फळ्यावर १/२ + १/३ लिहा आणि मुलांना उत्तर विचारा. बरीच मुले २/५ म्हणतील. अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला, झाली बेरीज! मग त्यांनाच विचारा, २/५ अर्ध्यापेक्षा मोठे की लहान? अर्ध्यात काहीतरी मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षाही कमी कसे आले, ही शंका त्यांना आपणहून येत नाही. कारण १/२ ही त्यांच्या लेखी एक संख्या नसतेच. रेघेच्या वर एक संख्या आणि खाली दुसरी, एवढेच त्यांना दिसत असते.

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. १९७८ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ याचे अंदाजे उत्तर विचारले होते. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक एकाच्या अगदी जवळ आहेत, म्हणजे बेरीज २ च्या आसपास. पण २ हे उत्तर निवडणारी मुले २४ टक्केच निघाली, आणि निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ वर खूण केली. या मुलांना बेरजेची रीत शिकवली नव्हती असे नाही. रीत शिकून झाली होती, पण संख्या केवढी आहे हे डोळ्यांसमोर येत नव्हते.

पाचवी ते सातवीच्या मुलांना पहिल्यांदाच अपूर्णांक शिकवणारे शिक्षक, शिकवणी घेणारे आणि घरी मुलांना घेऊन बसणारे पालक यांच्यासाठी हा लेख आहे. साहित्य कागद, मोजपट्टी, दोरी आणि चौकटीची वही एवढेच लागते. पण एक प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत विचारत राहायचा आहे: “या चित्रात १ कुठे आहे?” अपूर्णांकातल्या बहुतेक चुका हा प्रश्न विचारला न गेल्यामुळे होतात.

मुलाला काय वाटते ते आधी पाहा

शिकवायला सुरुवात करण्याआधी दहा मिनिटे द्या आणि तीन गोष्टी करायला सांगा. उत्तर चूक आले तरी लगेच दुरुस्त करू नका, “तुला असे का वाटले?” एवढेच विचारा.

पहिली, १/३ मोठा की १/४? “४ मोठे, म्हणून १/४ मोठा” असे उत्तर आले तर मूल छेदाला सुटी संख्या समजते आहे.

दुसरी, एक लांबट आयत काढा, त्याचे दोन्ही कर्ण काढा आणि विचारा, हे चार समान भाग झाले का? वरचा-खालचा त्रिकोण आणि डावा-उजवा त्रिकोण दिसायला वेगळे आहेत, म्हणून मुले नाही म्हणतात. क्षेत्रफळ मात्र चारही त्रिकोणांचे सारखेच असते. प्रत्येक त्रिकोण मधोमध कापून तुकडे एकमेकांवर ठेवले की ते पटते. समान भाग म्हणजे सारखा आकार नव्हे, सारखे माप, हे इथेच स्पष्ट होऊन जाते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ५/४ चे चित्र काढायला सांगा. पुष्कळ मुले “चारातले पाच कसे घेणार?” म्हणून थांबतात. काही जण दोन आयत काढून प्रत्येकाचे चार भाग करतात आणि पाच रंगवतात. त्यांना विचारा, किती भाग रंगवला? उत्तर येते, ५/८. चित्र बरोबर असते, पण एकक आपोआप बदललेले असते. दोन्ही आयत मिळून एक, असे मुलाने मनात धरलेले असते.

पट्ट्यांचा संच

ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर असते. त्यातून ३ सेंटिमीटर रुंदीच्या सात पट्ट्या बरोबर निघतात. प्रत्येक पट्टीची लांबी २४ सेंटिमीटर ठेवा, उरलेला भाग कापून टाका. २४ च का? कारण निम्मा भाग १२, तिसरा ८, चौथा ६, सहावा ४, आठवा ३ आणि बारावा २ सेंटिमीटरचा येतो. पाचवा भाग ४.८ आणि दहावा २.४ चा, म्हणजे तेही मोजपट्टीवर मिलिमीटरमध्ये नेमके सापडतात.

एका मुलाला नऊ पट्ट्या लागतात: एक अखंड, आणि २, ३, ४, ५, ६, ८, १० व १२ भागांची प्रत्येकी एक. दोन कागदांत हे होऊन पाच पट्ट्या उरतात, त्या चुका करायला ठेवा. जुन्या कॅलेंडरची जाड पाने मिळाली तर पट्ट्या जास्त टिकतात.

पट्ट्या मुलांनीच मापायच्या आणि मुलांनीच आखायच्या. तयार छापलेला संच वाटला तर वेळ वाचतो खरा, पण समान भाग करताना हाताला जे कळते ते राहून जाते. सुरुवात घडीने करा. अखंड पट्टी मधोमध दुमडली की दोन भाग, पुन्हा दुमडली की चार. तिसऱ्यांदा दुमडण्याआधी विचारा, आता किती होतील? “सहा” हे उत्तर हमखास येते. उलगडून मोजू द्या. तीन भागांची घडी मात्र अंदाजाने नीट जमत नाही, तिथे मोजपट्टी घ्या.

पट्टीचे तुकडे कापून सुटे करू नका. रेघा आखा आणि रेघांवर घड्या घाला, म्हणजे नको असलेला भाग मागे दुमडता येतो. सुटे तुकडे दोन दिवसांत हरवतात, शिवाय तो तुकडा कोणत्या अखंडाचा होता हेही नजरेआड होते. प्रत्येक भागावर त्याचे नाव लिहायचे: १/३, १/३, १/३. अखंड पट्टीवर ठळक “१” लिहा. ती पट्टी नेहमी बाकावर दिसत राहिली पाहिजे.

भाकरी किंवा पिझ्झाच्या गोलाने सुरुवात करावी असे पुष्कळांना वाटते. अर्धा आणि पाव दाखवायला गोल उत्तम. पण गोलाचे पाच किंवा सात समान भाग हाताने करणे मोठ्यांनाही कठीण जाते, आणि भाकरी एकच असल्याने एकापेक्षा मोठा अपूर्णांक असू शकतो हे मुलांच्या मनात येत नाही. पट्टीला पट्टी जोडून पुढे जाता येते, आणि ती रेषेवर ठेवली की थेट संख्यारेषा होते. म्हणून माझा कौल पट्टीला.

वाचायचे कसे

“तीन छेद चार” हे वाचन शाळेत चालते, आणि परीक्षेतही. शिकवताना मात्र सुरुवातीचे काही दिवस “तीन चौथाई” म्हणा. मूल चौथाईच्या पट्टीवर बोट ठेवून मोजेल: एक चौथाई, दोन चौथाई, तीन चौथाई, चार चौथाई. इथे थांबू नका, पुढची पट्टी जोडून पाच चौथाई, सहा चौथाई असे मोजत न्या. छेद म्हणजे कोणत्या मापाचा तुकडा आणि अंश म्हणजे तसे किती तुकडे, हे या मोजण्यातून आपोआप बसते. ५/४ चे कोडेही इथेच सुटते.

बाजारातली मापेही उपयोगी पडतात. पावकिलो २५० ग्रॅम, अर्धा किलो ५००, पाऊण किलो ७५०, सव्वा किलो १२५०. पट्टीखाली हे आकडे लिहायला लावा. घड्याळ घरातच असते: साडेचार, पावणेपाच, सव्वापाच. आजी-आजोबांना पावकी, निमकी, दीडकी (पाव, अर्धा आणि दीड यांचे पाढे) पाठ असेल तर त्यांच्याकडून म्हणून घ्या. निमकीतला प्रत्येक पाढा हा अपूर्णांकाचा गुणाकारच आहे.

एकाच लांबीची अनेक नावे

अर्ध्याची पट्टी ठेवा. तिच्याखाली बाकीच्या पट्ट्या एकेक करून लावा आणि अर्ध्याशी नेमकी जुळणारी रेघ कुठे मिळते ते शोधायला सांगा. २/४, ३/६, ४/८, ५/१०, ६/१२ सापडतात. ३ आणि ५ भागांच्या पट्टीवर मात्र अर्ध्यावर रेघच नाही. का नाही, यावर मुलांना बोलू द्या, हा पाच मिनिटांचा वेळ वाया जात नाही. मग २/३ साठी तेच: ४/६, ८/१२.

आता “अंश आणि छेदाला एकाच संख्येने गुणा” हा नियम चित्रात दाखवायचा. चौकटीच्या वहीत एक आयत काढा, उभ्या रेघांनी त्याचे तीन भाग करा आणि दोन रंगवा. मग एक आडवी रेघ मधोमध मारा. तीनाचे सहा भाग झाले, रंगवलेल्या दोनांचे चार. रंग तेवढाच राहिला, तुकडे दुप्पट झाले. २/३ आणि ४/६ ही एकाच जागेची दोन नावे, हे मुलाने स्वतः रेघ मारून पाहिले की नियम पाठ करावा लागत नाही.

पट्टीवरून संख्यारेषेवर

ही पायरी गाळण्याचा मोह होतो, आणि ती गाळली की पुढे त्रास होतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. दहा-बारा वर्षांच्या वयात अपूर्णांक आणि भागाकार किती येतो, यावरून पुढच्या शाळेतल्या गणिताचा अंदाज बांधता येतो, असे त्यांना आढळले. बुद्ध्यांक आणि घरची परिस्थिती हिशेबात घेऊनही हा संबंध टिकत होता. याच सीगलरांनी अपूर्णांक शिकवताना संख्यारेषेला मध्यवर्ती जागा द्यावी, हा आग्रह सातत्याने धरला आहे.

दोन कागद लांबीने जोडून त्यांवर रेषा काढा, ० वर खूण करा, अखंड पट्टी ठेवून १ वर खूण करा, पुन्हा पट्टी ठेवून २. आता चौथाईची पट्टी ठेवून प्रत्येक रेघेशी खूण करू द्या. इथे दोन चुका दिसतील. पहिली म्हणजे मुले खुणा मोजतात, त्यांच्यामधली अंतरे मोजत नाहीत. शून्याच्या खुणेला “एक” म्हणून सुरुवात केली की सगळे एका घराने सरकते. बोटाने उडी मारत मोजायला शिकवा, खुणेवर टेकत नव्हे. दुसरी चूक जास्त बोलकी आहे. ० ते २ अशी रेषा देऊन १/२ दाखवायला सांगितले की अनेक जण मधोमध, म्हणजे १ वर बोट ठेवतात. त्यांनी सबंध रेषेचा अर्धा घेतला. इथे पुन्हा तोच प्रश्न: १ कुठे आहे? ० पासून १ पर्यंतच्या अंतराचा अर्धा हवा.

मग वर्गात दोरी बांधा. एका टोकाला ०, मधोमध १, दुसऱ्या टोकाला २. कपड्यांचे चिमटे घ्या आणि चिठ्ठ्या वाटा: १/२, ३/४, ७/८, ५/४, ३/२, ६/४, १/३, २/६. एकेका मुलाने येऊन आपली चिठ्ठी लावायची आणि तिथेच का लावली ते सांगायचे. ३/२ आणि ६/४ एकाच जागी आल्या की एकीखाली दुसरी लटकवा. चिठ्ठी चुकीच्या जागी लागली तर तुम्ही हलवू नका. पुढच्या मुलाला ती हलवायची मुभा द्या, पण कारण सांगून. या खेळात वर्ग गोंगाट करतो, करू द्या.

लहान-मोठेपणा ठरवायलाही दोरीच कामाला येते. ३/७ आणि ५/९ यांत मोठा कोणता? सातातले साडेतीन म्हणजे अर्धा, म्हणून ३/७ अर्ध्याच्या अलीकडे. नवातले साडेचार म्हणजे अर्धा, म्हणून ५/९ पलीकडे. संपले. ७/८ आणि ५/६? एकाला पोचायला पहिल्याला १/८ कमी पडतो, दुसऱ्याला १/६. कमी अंतर राहिले ७/८ चे, म्हणून तो मोठा. तिरकस गुणाकार शिकवण्याआधी असे विचार पुष्कळ दिवस होऊ द्या.

बेरीज आणि वजाबाकी

आता सुरुवातीच्या १/२ + १/३ कडे या. अर्ध्याच्या पट्टीतला एक भाग आणि तिसऱ्याच्या पट्टीतला एक भाग शेजारी-शेजारी ठेवा. मिळून किती? लांबी समोर दिसते आहे, पण तिला नाव नाही. नाव देण्यासाठी अशी पट्टी शोधायची की जिच्या रेघा दोन्ही तुकड्यांच्या टोकांशी जुळतील. मुले एकेक पट्टी लावून पाहतात आणि सहाची सापडते: ३/६ + २/६ = ५/६. समच्छेद करणे म्हणजे दोघांना चालणारे माप शोधणे. लसावि त्यानंतर सांगा, मोठ्या छेदांसाठी सोय म्हणून. बाराची पट्टीही चालते, असे एखादे मूल म्हणेल. बरोबर आहे, १०/१२. त्याला शाबासकी द्या.

वजाबाकी त्याच पद्धतीने: ३/४ − १/३ साठी बाराची पट्टी, ९/१२ − ४/१२ = ५/१२.

पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची वजाबाकी मात्र रेषेवर करा. सव्वातीनातून दीड वजा करायचे असतील तर दीडपासून सव्वातीनपर्यंत उड्या मारा. दीडपासून दोनपर्यंत अर्धा, दोनपासून तीनपर्यंत एक, पुढे पाव. एकूण पावणेदोन. हातचा घेण्याची गरजच पडत नाही, आणि दुकानात सुटे पैसे मोजताना आपण हेच करतो.

गुणाकार: चौकट

गुणाकारासाठी पट्टी अपुरी पडते, तिथे आयत घ्या. २/३ × ४/५ म्हणजे ४/५ चा २/३ भाग. चौकटीच्या वहीत तीन घरे रुंद आणि पाच घरे उंच असा आयत काढा आणि तो सबंध आयत म्हणजे १, असे त्याच्या बाजूला लिहा. खालच्या चार ओळींत आडव्या रेघा भरा, हे ४/५. आता डावीकडच्या दोन स्तंभांत उभ्या रेघा भरा. दोन्ही रेघा जिथे आल्या ती घरे मोजा: ८. उत्तर काय?

काही मुले ८/१२ म्हणतात. त्यांना लगेच “चूक” म्हणू नका, कारण त्यांनी जे पाहिले ते खरे आहे. आडव्या रेघा असलेली घरे १२ आहेत आणि त्यांतली ८ दुहेरी आहेत. ८/१२ म्हणजेच २/३, आणि आपण ४/५ चा २/३ च तर घेतला! पण विचारले होते ते अखंड आयताच्या मापात. १ कुठे आहे? पूर्ण आयत, १५ घरे. म्हणून ८/१५. छेदांचा गुणाकार म्हणजे एकूण घरे, अंशांचा गुणाकार म्हणजे दुहेरी घरे. अशी चार-पाच चित्रे काढली की मुले स्वतःच सूत्र सांगतात. गुणाकार करूनही उत्तर लहान का आले, हेही चित्रातच दिसते.

भागाकार: इथे घाई नको

“दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा” हे वाक्य निदान आठवडाभर तोंडातून काढू नका. भागाकाराचा अर्थ मुलांना आधीच ठाऊक आहे: १२ ÷ ३ म्हणजे बारात तीन किती वेळा बसतात. मग २ ÷ १/४ म्हणजे दोनात पाव किती वेळा बसतो? दोन अखंड पट्ट्या मांडा आणि चौथाईच्या पट्टीने मोजा. आठ वेळा. ३/४ ÷ १/८? सहा वेळा. उत्तर भाज्यापेक्षा मोठे आले याचे आता आश्चर्य राहत नाही.

यानंतरचे उदाहरण नीट थांबून सोडवा. पावणेदोन लिटर दूध आहे, अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत भरायचे आहे. किती बाटल्या? पट्टीवर अर्धा-अर्धा मोजला की तीन बसतात आणि पाव लिटर उरतो. वर्गातून उत्तर येते, सव्वातीन. पण उरलेल्या पाव लिटरने बाटली किती भरली? अर्धी. म्हणून उत्तर साडेतीन बाटल्या. लिटर मोजत होतो तोवर १ म्हणजे एक लिटर. बाटल्या मोजू लागलो की १ म्हणजे एक बाटली, म्हणजेच अर्धा लिटर. भागाकारात १ ची जागा भाजक घेतो. ही एक गोष्ट समजली की भागाकाराचे कोडे उरत नाही.

भाजकाचा अंश १ नसेल तेव्हा दोघांना एकाच मापात आणा. ३/४ ÷ २/३ म्हणजे ९/१२ ÷ ८/१२. तुकडे एकाच मापाचे झाले, आता फक्त नवात आठ किती वेळा बसतात ते पाहायचे: ९/८ वेळा. हीच उदाहरणे ओळीने लिहून ठेवली की ३ × ३ आणि ४ × २ कुठून आले ते मुले शोधून काढतात, आणि उलटा करून गुणण्याची रीत त्यांच्याच हाती लागते.

शाब्दिक उदाहरणांत

टाकी ३/५ भरलेली होती. १२० लिटर पाणी आणखी घातल्यावर ती पूर्ण भरली. टाकीत एकूण किती लिटर पाणी मावते? सूत्र शोधत बसलेल्या मुलाला एक आडवी पट्टी काढायला सांगा आणि तिचे पाच भाग करू द्या. तीन रंगवले, दोन रिकामे. रिकामे दोन म्हणजे १२० लिटर, म्हणून एक भाग ६०, पाच भाग ३००. इथे १ म्हणजे पूर्ण टाकी, हे पट्टीच्या टोकाला लिहिलेले असले की मूल १२० चा ३/५ काढायला धावत नाही.

संगणकाची सोय असेल तर कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातली अपूर्णांकांची सिम्युलेशन मोफत आहेत आणि चांगली आहेत. ती सरावाला वापरा, पट्ट्यांच्या जागी नको.

चित्र सोडायचे कधी? मूल चित्र न काढता उत्तराचा अंदाज सांगू लागले आणि विचारल्यावर ओबडधोबड आकृती काढून तो पटवून देऊ लागले, की समजा वेळ आली. आकृती सुबक नसली तरी चालेल, भाग साधारण सारखे आणि १ ची खूण जागेवर असली म्हणजे झाले. उत्तर बरोबर पण आकृती जमत नाही, असे मूल दिसले तर त्याला पुन्हा पट्ट्यांकडे न्या, मग चाचणीतले गुण कितीही चांगले असोत. पट्ट्यांचा संच वहीच्या पाकिटात जपून ठेवायला सांगा. दशांश अपूर्णांकांना दहाची पट्टी लागेल, आणि सातवीत परिमेय संख्या आल्या की तीच अखंड पट्टी शून्याच्या डावीकडे ठेवून −१ ची खूण करायची आहे.